खाडीकाठच्या खाजणावर आणि पुळणीवर गावपातळीवरून देखरेख ठेवायची असेल, तर अधिकार नेमका कोणाचा?

खाजणकाठ (प्रश्नकर्ता):

नमस्कार. रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर माझी अलीकडेच निवड झाली आहे. आमच्या हद्दीत तीन प्रकारची जमीन एकमेकींना लागून आहे. खाडीच्या कडेला तिवर आणि चिपी यांचे कांदळवन आहे. त्यामागे बांधाच्या आत-बाहेर पसरलेले खाजण, म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरणारी सखल जमीन आहे, जेथे हिवाळ्यात चिखल्या, तुतवार आणि क्वचित रोहित पक्षी उतरतात. समुद्राच्या बाजूला वाळूची पुळण असून तेथे काही वर्षी कासवांची घरटी आढळली आहेत. खाजणाच्या एका कोपऱ्यात गेल्या उन्हाळ्यापासून मुरमाचा भराव पडू लागला आहे. विचारणा केली असता एका कार्यालयाने हा वनखात्याचा विषय असल्याचे सांगितले, दुसऱ्याने तो महसूल विभागाचा ठरवला आणि तिसऱ्याने ही जमीन खासगी असल्याने आपला संबंध नाही, असे तोंडी उत्तर दिले.

माझे प्रश्न दोन आहेत. असा भराव थांबवण्याचा काही अधिकार आमच्या समितीला आहे का, आणि नसेल तर तक्रार कोणत्या दारी न्यावी? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भराव पडल्यावर धावपळ करण्याऐवजी गावाने वर्षभर देखरेख ठेवायची असे ठरवले, तर त्या देखरेखीचे स्वरूप काय असावे?

कलमनिहाय:

पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, थांबवण्याचा अधिकार आपल्या समितीला नाही. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने अशी समिती स्थापन करायची असते, आणि संवर्धन, शाश्वत वापर व नोंदी ठेवणे हे तिचे काम असते. आपल्या हद्दीतील जैविक संसाधने व्यापारासाठी गोळा करणाऱ्यांवर ती शुल्क आकारू शकते, आणि त्या संसाधनांविषयी निर्णय घेताना राज्य जैवविविधता मंडळाने व राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने तिचा सल्ला घ्यावा असे कायदा सांगतो. काम थांबवण्याची नोटीस काढणे किंवा दंड करणे तिच्या कक्षेत येत नाही. मात्र आपण ठेवलेली नोंद शासकीय समितीची नोंद ठरते, आणि पुढे वाद उभा राहिला की ही बाब क्षुल्लक राहत नाही.

कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात याचे कारण केवळ टाळाटाळ नाही. आपण जिला एक सलग जागा म्हणता, तिचे कायद्याच्या दृष्टीने तीन-चार तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा रखवालदार वेगळा असतो. म्हणून तक्रार लिहिण्याआधी, भराव ज्या तुकड्यावर पडला तो कायद्याने कोणत्या वर्गात मोडतो, हे ठरवावे लागते.

कांदळवनाचा तुकडा सर्वांत सोपा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या हक्काचा भंग मानला. जमीन खासगी असो वा सरकारी, कांदळवनाचे क्षेत्र लहान असो वा मोठे, ते किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात मोडते आणि त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम वा भराव चालत नाही, अशी त्या निकालाची भूमिका आहे. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील देखरेख समिती याच खटल्यातून आली. त्यामुळे भरावाखाली तिवराची खोडे असतील, तर जमीन खासगी असल्याचे उत्तर टिकत नाही. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून कार्यरत आहे. आपल्या पट्ट्यातील जमीन त्यांच्या ताब्यात अधिसूचित झाली आहे की नाही, हे त्यांच्याकडून लेखी मागवा.

खाजणाचा तुकडा मात्र फसवा आहे. बहुतेक लोक पाणथळ जागा म्हटले की पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांच्याकडे वळतात. त्या नियमांनी किनारा नियमन क्षेत्रातील, वनकायद्याखालील आणि वन्यजीव कायद्याखालील पाणथळ जागा आपल्या कक्षेतून वगळल्या आहेत, कारण त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत असे गृहीत धरले गेले. शिवाय भातशेती, नदीपात्र, आणि मत्स्यपालन, सिंचन वा मीठ उत्पादनासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा व्याख्येतच बसत नाहीत. म्हणजे पक्ष्यांच्या दृष्टीने उत्तम असलेले जुने मिठागर या नियमांच्या दृष्टीने पाणथळ जागाच नसते! दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राष्ट्रीय यादीतील सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना आधीच्या २०१० च्या पाणथळ नियमांतील चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचे निर्देश दिले. आपले खाजण त्या राष्ट्रीय नकाशावर दाखवलेले आहे का, हे पाहणे म्हणूनच पहिल्या आठवड्याचे काम समजा.

उरतो किनारा नियमनाचा प्रश्न. ही व्यवस्था १९९१ साली आली, २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने लिहिली गेली. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा येतो. पूर्वी तो १०० मीटर होता. पट्टा अरुंद झाल्यामुळे भरतीरेषा नकाशावर कोठून ओढली आहे, यालाच आता सारे महत्त्व आले आहे. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आराखड्याची आपल्या गावाची पाने मिळवा आणि गट क्रमांकांशी ताडून पाहा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीही याच अधिसूचनेने सांगितली आहे. तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या जिल्ह्यात हे प्रतिनिधी कोण आहेत आणि समितीची शेवटची बैठक कधी झाली, ही माहिती अधिकाराखाली विचारण्याजोगी गोष्ट आहे. उत्तर आल्यावर पुष्कळांचे डोळे उघडतात.

एक मुदत ध्यानात ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे कलम १४ खाली जायचे असेल, तर वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसच मिळतात. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. आपला भराव गेल्या उन्हाळ्यापासून पडत आहे, त्यामुळे कार्यालयांच्या उत्तरांची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाणार नाही ना, याचा विचार आजच करा. भरपाई किंवा जागा पूर्ववत करून मागण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षांची वेगळी मुदत आहे.

जुना मंडळ अधिकारी:

वरील उत्तर कायद्याच्या अंगाने पूर्ण आहे, परंतु महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यात एक गोष्ट राहून गेलेली दिसते. पर्यावरणाच्या कायद्याने भराव थांबायला महिने लागतात. गौण खनिजाच्या कायद्याने तो त्याच आठवड्यात थांबू शकतो. मुरूम आकाशातून पडत नाही. तो कोठून तरी उपसलेला असतो, त्यावर स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलेले असावे लागते आणि वाहतुकीचा परवाना प्रत्येक गाडीबरोबर असावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार विनापरवाना उत्खनन वा वाहतुकीवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो, आणि त्यापुढील पोटकलमानुसार यंत्रसामग्री व वाहने अडकवून ठेवता येतात. तहसीलदारांकडे जाताना खाजण वाचवा असे मोघम निवेदन नेण्यापेक्षा गट क्रमांक, तारीख, वेळ आणि गाड्यांचे क्रमांक यांसह विनापरवाना मुरूम वाहतुकीची तक्रार द्या. पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

दुसरे म्हणजे पंचनामा. तलाठ्यांनी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जागेवर येऊन पंचनामा करावा असा अर्ज द्या आणि पंच म्हणून समितीचे सदस्य हजर राहा. पंचनाम्यात केवळ भराव आढळला एवढेच वाक्य असेल, तर त्याचा उपयोग फार होत नाही. भरावाची लांबी, रुंदी, अंदाजे उंची, कोणत्या बाजूने खाडीचे पाणी येत होते आणि आता येते की नाही, भरावाखाली वा कडेला कोणती झाडे आहेत, जवळच्या बांधापासूनचे अंतर किती, हे सर्व त्यात लिहून घ्या. चांगला पंचनामा दहा निवेदनांचे काम करतो.

सातबाऱ्याबाबतही सावध राहा. पीकपाहणीच्या रकान्यात वर्षानुवर्षे भात लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात तेथे गुडघाभर खारे पाणी असते. पुढे तीच नोंद घेऊन ही जमीन कधीच पाणथळ नव्हती, असा युक्तिवाद होतो. उलटही घडते. इतर हक्कात वनाची नोंद असूनही फेरफार मंजूर होत जातात. समितीने आपल्या पट्ट्यातील प्रत्येक गटाचा सातबारा आणि फेरफार दर वर्षी एकदा काढून दप्तरी लावावा. खर्च किरकोळ आहे, कंटाळा मात्र भरपूर आहे, आणि म्हणूनच ते कोणी करत नाही.

बाहेरकाठा:

मी खारेपाटातला शेतकरी आहे आणि वरची चर्चा वाचून थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आमच्याकडील पुष्कळ कांदळवन हे मुळात कोणाच्या तरी भाताच्या खाचरात उगवलेले आहे. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड (भगदाड) पडते, दुरुस्ती वेळेवर होत नाही, उधाणाचे पाणी आत येते, दोन हंगाम पीक जाते आणि त्यानंतर तिवराची रोपे वर येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेतकरी बांध दुरुस्त करून घ्यायला निघाला, की त्याला सांगितले जाते की आता हे कांदळवन आहे, हात लावू नका. महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे. बांध राखण्यासाठीच तो केला गेला. बांध राखला गेला नाही याची किंमत ज्याने जमीन कसली त्यानेच का मोजावी?

देखरेख समित्यांबद्दल गावात जो राग असतो, तो निसर्गाबद्दलचा नसतो. पक्षी मोजायला माणसे येतात, पण उघाडीचे, म्हणजे बांधातून पाणी सोडण्याच्या वाटेचे, दार कुजले आहे हे पाहायला कोणी येत नाही. शेतकऱ्याला पाच वर्षे पीक मिळाले नाही, की तो जमीन विकतो, आणि ती घेणारा मुरूम टाकतो. भरावाची तक्रार करणाऱ्यांनी हा आधीचा भागही आपल्या नोंदवहीत लिहावा, अशी माझी अपेक्षा आहे.

कलमनिहाय:

बाहेरकाठा यांचा मुद्दा रास्त आहे आणि कायद्यानेही त्याकडे अर्धवट का होईना, लक्ष दिले आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार जुने बांध किंवा उघाड्या असतील, तर भरतीरेषा त्या बांधापर्यंतच मानली जाते. म्हणजे बांधामागची शेतजमीन आपोआप किनारा नियमनात ओढली जात नाही. परंतु त्याच तरतुदीत पुढे असे आहे की, बांधाच्या आत खारे पाणी शिरून उगवलेले कांदळवन मात्र पहिल्या वर्गातच धरले जाईल. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एकच निघतो: खांड पडल्यापासून रोपे उगवेपर्यंतचा काळ हाच त्याच्या हातात असलेला काळ आहे. खारे पाणी रोखण्यासाठीच्या बांधकामांना किनारा नियमनात सवलत आहे, रीतसर परवानगी घेऊन ती करता येतात. तेव्हा खांड पडल्याच्या दिवशीच खारभूमी विभागाला लेखी कळवणे आणि त्याची प्रत समितीच्या दप्तरात ठेवणे, हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. पुढे नुकसानभरपाई मागताना बांध कधी फुटला, याचा पुरावा त्याच्याकडे बहुधा नसतो.

किनारा नियमनाखाली घराची कौलेही बदलता येत नाहीत, असा समज अनेक गावांत पसरलेला आहे. तो खरा नाही. अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी, जोते आणि चटईक्षेत्र न वाढवता, ना-विकास क्षेत्रातही करता येते. समितीने ही माहिती लोकांना आधी दिली, तर तिच्या बाकीच्या कामाकडे संशयाने पाहणे बरेच कमी होईल.

भांगउधाण:

मी किनारी पक्ष्यांच्या अभ्यासात काही वर्षे काम केले आहे, म्हणून मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे वर्षभर पाहायचे काय, याविषयी लिहितो.

बहुतेक ठिकाणी देखरेख जमिनीवर ठेवली जाते. माझ्या मते ती पाण्यावर ठेवायला हवी. खाजणाचा जीव ज्या चिंचोळ्या वाटेने भरतीचे पाणी आत येते त्या वाटेत असतो. ती वाट एखाद्या रस्त्याच्या मोरीने, पाइपाने किंवा दोन डंपर मातीने बंद झाली, की खुद्द खाजणात एक ट्रकही भराव न टाकता ते सगळे मरते. सुरुवातीला पाणी साचून राहते, पावसाळ्यात ते गोडे होते, मग पाणकणीस माजते किंवा शेवाळाचा थर येतो, आणि चिखलातले किडे व सूक्ष्म शैवाल संपले की पक्षी येणे थांबते. नवी मुंबईत नेरूळच्या रोहित पक्ष्यांच्या तलावाबाबत भरतीच्या पाण्याची वाट बंद होण्याचा प्रश्न गाजला, तो नेमका हाच होता. तेथे जमिनीचा आकार बदललेला नव्हता, पाण्याचे येणे-जाणे बदलले होते.

म्हणून पहिली नोंद उधाणाची. अमावास्या आणि पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत सर्वांत मोठी भरती येते. त्या दिवशी पूर्ण भरतीच्या वेळी ठरलेल्या चार-पाच जागांवरून, त्याच कोनातून, तारीख दिसेल असे छायाचित्र घ्यावे आणि पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले ते लिहावे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीलाही एकदा घ्यावे, म्हणजे तुलना करता येते. हे वर्षभर केले, तर पुढे कोणी येथे भरतीचे पाणी येतच नव्हते असे म्हटल्यास त्याला उत्तर देण्यासाठी वकिलाची गरज पडणार नाही. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. पाहणारा माणूस मात्र तोच राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. पक्षी ओहोटीला मोजण्याचा प्रघात आहे, कारण तेव्हा ते चिखलावर पसरलेले आणि सहज दिसणारे असतात. परंतु भरती आली की हा चिखल पाण्याखाली जातो, आणि तुतवार, चिखल्या, सुरय, रोहित या सर्वांना सहा तास थांबायला कोरडी किंवा उथळ पाण्याची निवांत जागा लागते. ती जागा बहुधा बांधाआडचे खाजण किंवा सोडून दिलेले मिठागर असते. ओहोटीचा चिखल कितीही सुरक्षित ठेवला आणि भरतीची विसाव्याची जागा भरून टाकली, तर पक्ष्यांना चिखलाचाही उपयोग उरत नाही. ठाण्याच्या खाडीत हाच पेच आहे. खाडीतील रोहित पक्षी अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, २०२२ साली ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, परंतु भरतीच्या वेळी पक्षी ज्या पाणथळ जागांवर जातात त्यांपैकी कित्येक त्या सीमेच्या बाहेर आहेत. आपल्या समितीने भरतीच्या वेळी पक्षी कोठे बसतात याचा नकाशा एका हिवाळ्यात तयार केला, तरी ती नोंद सरकारी दप्तरात सहसा न मिळणारी असेल. जातींची लांबलचक यादी त्यापुढे दुय्यम आहे.

पुळणीविषयी थोडक्यात. ऑलिव्ह रिडले कासवांची मादी कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालते आणि पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी घरटी राखली, आणि ते टिकले याचे एक मोठे कारण असे की, घरटे शोधणाऱ्या गावातल्याच माणसाला त्यात काम आणि मान मिळाला. आपल्याकडे घरटी कमी असली, तरी तीन गोष्टी पाहा: रात्री पुळणीवर पडणारे दिवे, वाळूच्या टेकाडांवर लावलेली सुरूची झाडे, आणि धूपप्रतिबंधक बंधारा. बंधारा ज्या घरासमोर बांधला ते घर वाचते, पण बंधाऱ्याच्या टोकापुढची पुळण अनेकदा अधिक वेगाने वाहून जाते, आणि दगडांच्या रांगेवर कासवाला चढता येत नाही. असे काम प्रस्तावित होताच समितीने आपल्या नोंदी संबंधित विभागापुढे ठेवाव्यात. काम सुरू झाल्यावर फार काही करता येत नाही.

बाहेरकाठा यांना एक सांगावेसे वाटते. उघाडीचे दार ही शेतकऱ्याची जितकी गरज आहे, तितकीच ती माझ्या दृष्टीने निरीक्षणाची जागा आहे. दार केव्हा उघडले, केव्हा बंद झाले आणि पाणी आत किती आले, ही नोंद ठेवायची असेल तर ती शेतकऱ्याशिवाय कोणी ठेवू शकणार नाही.

खाजणकाठ (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुरूम वाहतुकीची तक्रार आणि पंचनाम्याचा अर्ज मी समितीच्या ठरावासह याच आठवड्यात देत आहे. आराखड्याची पानेही मागवली आहेत. दोन शंका उरतात. आमच्या गावाची लोकजैवविविधता नोंदवही काही वर्षांपूर्वी बाहेरच्या संस्थेकडून तयार करून घेतली गेली. तिच्यात वनस्पतींची आणि प्राण्यांची यादी आहे, पण खाजणाचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे. ती सुधारता येते का? आणि खाजणाचा मोठा भाग खासगी मालकीचा असताना त्याला काही कायमस्वरूपी दर्जा मिळवून देता येईल का? मालकांपैकी काही जण जमीन न विकता तशीच ठेवायला तयार आहेत, मात्र ती वनखात्याकडे जाईल अशी धास्ती त्यांना वाटते.

कलमनिहाय:

नोंदवही सुधारता येते. ती अद्ययावत ठेवणे हेच समितीचे काम आहे. भांगउधाण यांनी सुचवलेल्या उधाणाच्या नोंदी, भरतीच्या विसाव्याच्या जागा, उघाड्या आणि पाण्याच्या वाटा गट क्रमांकासह तिच्यात घाला, ग्रामसभेपुढे ठेवा आणि त्या ठरावाची प्रत राज्य जैवविविधता मंडळाला पाठवा. बाहेरच्या संस्थेने केलेल्या याद्या बहुतेक गावांत अशाच आहेत, त्यामुळे त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

दर्जाबाबत तीन वाटा आहेत आणि त्यांत फरक आहे. सरकारी जमिनीसाठी वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करता येते. त्याआधी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो, आणि व्यवस्थापनाबाबत सल्ला देणाऱ्या समितीत त्या हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. खासगी वा सामूहिक जमिनीसाठी कलम ३६-क खालील समुदाय राखीव क्षेत्र आहे. येथे मालकाने स्वेच्छेने पुढे यावे लागते आणि जमीन त्याच्याच नावावर राहते. एकदा घोषणा झाली की, समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. मालकांची धास्ती पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण वापर बदलण्याचे स्वातंत्र्य खरोखरच जाते, आणि त्यांना ते आधीच स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. तिसरी वाट जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खालील जैवविविधता वारसा स्थळाची. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या गोड्या पाण्याच्या दलदलीला २०२१ साली हा दर्जा मिळाला. ती जागा आकाराने लहानच आहे, त्यामुळे आमचे खाजण फार मोठे नाही ही सबब चालत नाही.

माझ्या मते मात्र दर्जाचा अर्ज आत्ता करू नका. एक हिवाळा आणि एक पावसाळा यांच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय केलेला अर्ज पुराव्याअभावी पडून राहतो, आणि तेवढ्यात घाबरलेला एखादा मालक जमीन विकून मोकळा होतो.

जुना मंडळ अधिकारी:

याच्याशी सहमत आहे, फक्त मोजणीचे तेवढे पाहा. अर्ज करण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून संबंधित गटांची हद्द कायम करून घ्या. खाजणात बांध हलतात, खुणा बुडतात, आणि कोणाच्या गटात कांदळवन आले आहे यावरून चुलत भावांत वाद सुरू होतो. समुदाय राखीव क्षेत्राचे प्रस्ताव अशा ठिकाणी अडकू शकतात, पक्ष्यांवरून नव्हे.

बाहेरकाठा:

उघाडीची नोंद ठेवायला आमच्याकडील दोन-तीन जण तयार होतील, असे मला वाटते. माझी अट एवढीच आहे की, त्या वहीत खांडींचे आणि दुरुस्तीच्या अर्जांचे रकानेही असावेत, आणि वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद न राहता उघाडीच्या सर्वांत जवळच्या घरी असावी. ओहोटीला दार उघडायला माणूस कधी मध्यरात्रीही जातो. नोंद तेव्हाच झाली तर ती खरी असते.

खाजणकाठ (प्रश्नकर्ता):

ही अट मान्य आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत उघाडीच्या वहीचा ठराव भरावाच्या ठरावाआधी घेण्याची विनंती मी सरपंचांना करत आहे. रकान्यांचा मसुदा तयार झाला की येथेच टाकतो. तारीख, तिथी, भरतीची खूण, दार उघडे की बंद, खांड, कोणाला कळवले आणि पोच क्रमांक, एवढे सध्या डोळ्यांसमोर आहे. काही सुटले असल्यास कृपया सुचवावे.

भांगउधाण:

पाण्याचा खारटपणा राहिला. साधे क्षारमापक असेल तर उत्तम, नसेल तर पाणी चाखून गोडे, मचूळ की खारे एवढे लिहिले तरी चालेल. ऑगस्टमधील आणि जानेवारीतील नोंद मात्र चुकवू नका.